दोन मिनिटं ढवळा

रस्त्यातून काढलेला कोअर हातात आला की लेक आधी त्याला टिचकी मारायची. कोअर म्हणजे रस्त्याला यंत्राने भोक पाडून काढलेला वीतभर उंचीचा डांबरी दंडगोल. रस्ता वरपासून खालपर्यंत जसा आहे तसा त्यात दिसतो आणि चांगला असला तर मडक्यासारखा खणखणीत वाजतो. त्या दिवशी टिचकी मारायची वेळच आली नाही. ड्रिलवाल्याने नळी उचलली, खालून दोनदा थोपटली, आणि लेकीच्या ओंजळीत जे पडलं तो कोअर नव्हता, भुगा होता. नवी चकचकीत खडी एकीकडे, जुनी मळकट खडी दुसरीकडे, आणि बोटांना लागणारा कसलासा तेलकट ओलावा.

जागा खराब असेल, पुढे काढू, असं ड्रिलवाला म्हणाला. पुढचाही तसाच आला. तिसरा अर्धा वर आला आणि अर्धा भोकातच राहिला. चौथ्याला तिने यंत्र बंद करायला सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी, तिच्या मिश्रणाने नव्याने केलेल्या याच चारशे मीटरवर उभं राहून तिने फोटो काढून घेतला होता. दात दाखवून हसलेली ती त्या एकाच फोटोत सापडेल.

रस्ते खात्याच्या प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. घरात ती लेक होती, आणि या गोष्टीत तिचं लेक असणंच महत्त्वाचं असल्यामुळे आपणही तिला लेकच म्हणू.

जुना रस्ता उकरून तो माल फेकून देणं तिला बघवत नसे. यंत्राने खरवडून काढलेल्या मालात खडी चांगली असते, डांबरही असतं. फक्त ते डांबर उन्हापावसात म्हातारं होतं, ताठर होतं आणि नव्या डांबराशी त्याचं काही केल्या जमत नाही. सासूसुनेचं भांडण, असं प्लांटवरचे लोक म्हणायचे. या दोघींची मोट बांधण्यात लेकीची चार वर्षं गेली होती. शेवटी तिने एक तेल शोधलं, जुन्या डांबराला मऊ करणारं. त्या तेलाचे थेंब मोजून मोजून तिने जी कृती बसवली ती एका कागदावर मावत होती. जुना माल घ्या, तेल घाला, दोन मिनिटं ढवळा, मग गरम खडी आणि नवं डांबर. अशा मिश्रणाचे नमुने गरम पाण्यात भिजवून प्रेसखाली दाबले की शंभरातली ऐंशी ताकद उरली तरी पास. तिचा एकही नमुना चार वर्षांत नव्वदच्या खाली उतरला नव्हता. एकही नाही.

मग रस्त्यावर हे काय झालं?

प्रयोगशाळा आणि रस्ता यांच्या मध्ये एकच ठिकाण होतं, ते म्हणजे प्लांट. तिथे मोठ्या फिरत्या पिंपात माल तापतो, मिसळतो आणि ट्रकमध्ये पडतो. आणि प्लांट चालवत होते तिचे बाबा.

बाबांना प्लांटवर काटा म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवला होता आणि काटा त्यांच्या धाकात होता, अशी तिथली थट्टा होती. नोकरीचे चार महिने उरले होते. दुसरा कोणी असता तर लेक आधी त्याच्याकडे गेली असती, स्टुलावर बसून चहा घेतला असता आणि त्या दिवशी काय काय झालं ते विचारलं असतं. पण हे बाबा होते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणायची संधी ती कोणालाच देणार नव्हती. घरच्या माणसाला आधी विचारलं की अहवाल घरचा होतो, असं तिचं मत होतं. मत चांगलंच होतं. चांगल्या मतांनी माणसाचं जेवढं नुकसान होतं तेवढं वाईट मतांनी होत नाही.

तिने कार्यालयाच्या कपाटातून प्लांटची नोंदवही मागवली. त्या दिवशी बेचाळीस ट्रक भरले होते आणि बेचाळीस ओळींत एकच आकडा होता. एकशे पंचावन्न. वरपासून खालपर्यंत, एकाच पेनाने, एकाच वळणात. खऱ्या नोंदी अशा नसतात, हे तिला बारा वर्षांच्या नोकरीत पक्कं कळलं होतं. खऱ्या नोंदी हेलकावतात. कुठे एकशे एक्कावन्न, कुठे एकशे साठ. इतकी सरळ रेघ फक्त दिवस संपल्यावर एका बैठकीत ओढता येते. माल थंड गेला की तो असाच सुटतो, हे तर पुस्तकातच आहे. रस्त्यावर त्या दिवशी कोणी तापमान मोजलंच नव्हतं, त्यामुळे ही वही हाच काय तो पुरावा.

अहवालात तिने लिहिलं, ‘मिश्रण अपेक्षेपेक्षा थंड गेले असावे. तापमानाच्या नोंदी एका बैठकीत भरल्यासारख्या दिसतात.’ ‘असावे’ आणि ‘सारख्या’ हे दोन शब्द घातल्याबद्दल तिने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तेवढीच काय ती माया.

अहवालाची प्रत बाबांना मिळाली ती त्यांनी घरी आणून जेवणाच्या टेबलावर वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग म्हणाले, “मी दर वेळी बघून लिहिलं, असं मला वाटतं.”

“वाटतं म्हणजे काय, बाबा?”

तिने हे आवाज न चढवता विचारलं होतं, कार्यालयात विचारतात तसं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. कागदाची घडी घातली. दुसऱ्या दिवशी त्यांना चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका असं सांगितलं गेलं आणि प्लांटच्या किल्ल्या काढून घेतल्या. ते वाद घालतील, कोणाला तरी फोन करतील, निदान चिडतील, याची ती वाट बघत होती. ते चिडले नाहीत. घरात गप्प वावरू लागले. अपराधी माणूस असाच गप्प होतो, असं तिने ठरवून टाकलं.

चौकशी गुरुवारी अकरा वाजता होती. चूक सिद्ध झाली तर चार महिने राहिलेल्या माणसाला काढून टाकणार, हे सगळ्यांना माहीत होतं. सोमवारी मोठ्या साहेबांनी लेकीला बोलावून सांगितलं की समितीला वाचायला कागद देऊ नका, डोळ्यांनी दाखवा. एक मिश्रण बरोबर तापवलेलं, एक थंड. दोन्ही शेजारी शेजारी. मग कोणाला काही बोलायला जागाच राहणार नाही.

मंगळवारी तिने सकाळी नऊला सुरुवात केली आणि सगळं एका दमात केलं. एरवी हे कधी जमत नसे. सहा वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. उरले ते तीन शब्द, हो, नको आणि बघ. दिवसा सांभाळायला येणारी बाई साडेपाचला जायची, बाबा प्लांटवरून सात वाजता सुटायचे, मधला दीड तास लेकीचा. त्यामुळे पाचाच्या ठोक्याला ती प्रयोगशाळेतून बाहेर पडायची. घड्याळ चुकेल पण ताई चुकणार नाहीत, असं तिथे म्हणत. आता मात्र बाबा दिवसभर घरी होते. ही सगळी फुरसत बापाच्या किल्ल्या गेल्यामुळे मिळाली होती, हे तिच्या लक्षात आलं नाही असं नाही. तिने ते लक्षात येऊ दिलं नाही.

स्वतःच्या कृतीचा कागद तिने समोर भिंतीवर चिकटवला आणि त्यावर बोट ठेवत काम केलं. जुना माल मोजला. तेल घातलं. घड्याळ लावून दोन मिनिटं ढवळलं. अर्ध्या मालात एकशे पंचावन्नवर तापवलेली खडी आणि डांबर, अर्ध्यात एकशे पंधरावर. साचे भरले, ठोकले, पंख्याखाली गार केले आणि दुपारी गरम पाण्याच्या टाकीत सोडले.

बुधवारी सकाळी तिने थंडवाला नमुना प्रेसखाली ठेवला. अडतीस. ठरल्याप्रमाणे.

मग बरोबर तापवलेला ठेवला. एक्केचाळीस.

तिने काचेवर बोट मारून पाहिलं. काटा हलला नाही. दुसरा ठेवला. चाळीस. तिसरा उचलतानाच त्याची कड तिच्या अंगठ्याखाली सुटली आणि खडे फरशीवर टपटप पडले.

यंत्र बिघडलं असेल. तिने कपाटात जपून ठेवलेला गेल्या वर्षीचा एक नमुना काढला, भिजवलेलाच होता तो, आणि दाबला. त्र्याण्णव. यंत्र शहाण्यासारखं काम करत होतं. डांबराचं पिंप तेच, तेल तेच, खडी त्याच ढिगातली. तिने नवा घाणा केला, पुन्हा कागदावर बोट ठेवून, पुन्हा घड्याळ लावून. या वेळी साच्यात भरायलाही थांबली नाही. सुटा मालच पाण्यात टाकून दहा मिनिटं उकळला. डांबराने खडी धरली असेल तर उकळूनही ती काळीच राहते. दहा मिनिटांनी भांड्याच्या तळाशी उघडीबोडकी दगडी खडी दिसत होती आणि पाण्यावर तेलाचा तवंग फिरत होता.

साचे आणि ट्रे धुणारी मावशी दारात उभी राहून हे बघत होती. अठरा वर्षं ती तिथे होती आणि न विचारता बोलायची तिला सवय नव्हती. पण ताईंचा चेहरा बघून तिला राहवलं नाही.

“ताई, कालचा ट्रे तुम्ही निजवला नाहीत का?”

“काय?”

“रोज जाताना निजवता ना ओव्हनमध्ये. सकाळी मीच काढून ठेवते. आज सकाळी ओव्हन रिकामाच होता, म्हटलं विसरला की काय.”

लेकीने ओव्हनचं दार उघडून पाहिलं.

रोज सकाळी ट्रकवाल्यांच्या मालाची तपासणी असायची. तिच्या स्वतःच्या प्रयोगाला हात लागायचा तो दुपारी चारनंतर. जुना माल मोजून, तेल घालून, दोन मिनिटं ढवळून होईपर्यंत पाच वाजत. माल तसाच ठेवला तर सकाळपर्यंत दगड होईल, म्हणून ती ट्रे झाकून मंद ओव्हनमध्ये सरकवायची आणि पर्स उचलून पळायची. सकाळी आली की पुढचं करायची. चार वर्षं, प्रत्येक नमुना. हे तिने कधी लिहिलं नव्हतं, कारण तिच्या लेखी तो प्रयोगाचा भागच नव्हता. ते घरी जाणं होतं. घरी जाणं कोणी कृतीत लिहितं का?

त्या पंधरा तासांत तेल जुन्या डांबरात मुरत होतं. प्लांटवर त्याला कागदावरची दोनच मिनिटं मिळाली. ते आत शिरलंच नाही. नव्याजुन्याच्या मध्ये नुसतं पसरून राहिलं आणि दोघांना एकमेकांवरून घसरवत बसलं. पहिल्या दिवशी ओंजळीत लागलेला तो ओलावा हाच होता. उत्तर तिच्या तळहातावर होतं आणि ती कपाटातली नोंदवही मागवत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की या वळशात तिने बापाला तुडवलं होतं.

आणि मग तिला ते आकडे आठवले. बेचाळीस वेळा एकशे पंचावन्न. काटा खरंच हलला नव्हता. एकतीस वर्षांत ज्याने काटा हलू दिला नाही, त्याच्या वहीत दुसरं काय लिहिलेलं असणार? मावशीने पाणी आणून दिलं, ते तिने हातात धरून ठेवलं, प्यायली नाही.

पाच वाजता तिने जुन्या मालात तेल घातलं, दोन मिनिटं ढवळलं, ट्रे झाकला आणि ओव्हनमध्ये निजवला. पहिल्यांदाच जाणूनबुजून.

घरी आली तर आईजवळ शेजारच्या काकू बसल्या होत्या. बाबा डॉक्टरकडे गेलेत, असं काकूंनी सांगितलं. कशाला, ते त्यांना माहीत नव्हतं. काकू गेल्यावर आईने डावा हात उचलला आणि स्वयंपाकघराकडे बोट केलं.

“बघ,” आई म्हणाली.

गॅसच्या वरच्या फळीवर खिशात मावेल अशी एक वही होती, तिला दोरीने पेन बांधलेलं. प्लांटवरच्या वहीलाही ते असंच पेन बांधत. लेकीने ती उघडली. अक्षर ओळखीचं, सरळ, एकसारखं.

‘७.४० गॅस लावला. ८.०५ गॅस बंद केला. ८.०६ परत जाऊन बघितलं, बंद आहे. ८.१५ हिची गोळी दिली. ८.१६ पाकीट मोजलं, एक कमी आहे, म्हणजे दिली. ९.०० दाराला कुलूप नाही लावलं, कारण बाहेर गेलो नाही.’

पानामागून पान, तीन आठवड्यांचं. नळ, पंखा, इस्त्री, गोळ्या. ‘मुलीला सांगितलं नाही’ असं एके ठिकाणी होतं. पहिल्याच पानावर, तारखेच्या खाली, लिहिलं होतं, ‘बेचाळीस वेळा काटा बघितला असं मला स्पष्ट आठवतं. पण ते खोटं निघालं. म्हणजे मला जे आठवतं ते खरं नसतं. आता सगळं लिहून ठेवायचं.’

तिने वही मिटली. ती ज्याला अपराधी माणसाचं गप्प राहणं समजत होती ते हे होतं. हा माणूस तीन आठवडे स्वतःच्या डोक्यावर पहारा देत बसला होता, तिच्या दोन ओळींवर विश्वास ठेवून. ‘असावे’ आणि ‘सारख्या’ या शब्दांनी त्याचं काडीइतकंही रक्षण केलं नव्हतं.

बाबा सहाला आले. चप्पल काढली, हात धुतले, नळ बंद केला, पुन्हा हात लावून बघितला. लेकीच्या हातात वही दिसली तेव्हा ते जरासे ओशाळले, पण मग सरळ सांगायला लागले. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावलं, घड्याळ काढायला सांगितलं. सगळं बरोबर आलं. काही झालेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

“पण पोरी, डॉक्टरांना प्लांटचं कुठे माहीत आहे,” बाबा म्हणाले. “येताना कार्यालयात कागद देऊन आलो. माझ्याकडून काटा बघायचा राहिला असेल, असं लिहून दिलं. उद्या तुला सगळ्यांसमोर माझ्याविरुद्ध बोलायला नको. तुझं माप चुकत नाही, हे मला ठाऊक आहे.”

लेकीला वाटलं होतं आपण रडू, पाया पडू, काहीतरी करू. तसलं काहीच झालं नाही. ती एकच वाक्य बोलली.

“बाबा, काटा एकशे पंचावन्नवरच होता.”

मग तिने ट्रेचं, ओव्हनचं, पाच वाजता निघण्याचं सगळं सांगितलं. बाबा उभेच होते. मध्ये कुठेही त्यांनी तिला थांबवलं नाही. तिचं संपल्यावर विचारलं, “म्हणजे मी विसरलो नव्हतो?”

“नाही.”

“एकदाही?”

“एकदाही नाही, बाबा.”

ते खुर्चीवर बसले. लेकीला त्यांचा चेहरा पांढरा पडलेला दिसला, आणि मग त्यात हळूहळू रंग चढला, आणि तो आनंदाचा नव्हता.

“मला एकदा विचारायचं होतंस,” ते म्हणाले. “समोर ताट घेऊन बसतो आपण रोज. तीन आठवडे मी गॅसपाशी उभा राहून आपण खरे की खोटे ते ठरवतोय. एकदा विचारायचं होतंस.”

ती हो म्हणाली. आतून आई “नको, नको” म्हणाली. ते दोघांपैकी कोणाला होतं ते कळलं नाही. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत आणि लेकीशी पुढे एक शब्द बोलले नाहीत.

सकाळी मात्र ती निघाली तेव्हा ते कपडे करून दारात उभे होते. म्हणाले, “माप आधी. बोलणं नंतर.”

एकतीस वर्षांत बाबा प्रयोगशाळेत आले नव्हते. प्लांटच्या माणसाचं तिथे काय काम? लेकीने रात्रभर निजवलेला ट्रे काढला. दुसऱ्या ट्रेमध्ये त्यांच्यासमोर तेल घातलं आणि दोन मिनिटं ढवळलं. दोन्हीत गरम खडी आणि डांबर मिसळलं आणि दोन भांड्यांत दहा मिनिटं उकळलं. बाबांनी खिशातून स्वतःचं घड्याळ काढून वेळ लावली. मावशी साचे धुवायचे सोडून उभी होती.

एका भांड्यात खडी उघडी पडली. दुसऱ्यातली काळीभोर, एकेक खडा डांबरात लपेटलेला. बाबांनी त्यातले दोनचार खडे गरम गरमच चिमटीत घेतले, चोळले, वास घेतला. जुना खडा कुठला आणि नवा कुठला, ते त्यांनाही ओळखता येईना. प्लांटवर मालाला आदल्या दिवशी तेल मारून बंद टाकीत ऊब देता येईल, असं ते स्वतःशी पुटपुटले. मग भानावर येऊन त्यांनी भिंतीवरचा कागद काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

“लिही.”

तिने दोन मिनिटं ढवळण्याच्या खाली लिहिलं, ‘नंतर झाकून मंद उबेत पंधरा तास ठेवा.’ शेजारी ‘कारण’ असा रकाना होता. त्यात लिहिलं, ‘तेल जुन्या डांबरात मुरावे म्हणून.’

बाबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. “हे तुला काल कळलं. चार वर्षं ठेवत होतीस ते कशासाठी? तेही लिही.”

लेकीने पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. ‘पाच वाजता आईकडे घरी जावे लागे म्हणून.’

समितीसमोर तिने दोन्ही भांडी ठेवली आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की अहवाल चुकीचा आहे, वहीतला प्रत्येक आकडा खरा आहे, कृती अपुरी होती आणि प्लांटच्या माणसाला आपण काहीही विचारलं नव्हतं. समितीतल्या एकाने चष्म्यावरून बघत विचारलं, इतकी साधी गोष्ट चार वर्षं सुटली? सुटली, असं ती म्हणाली. मोठे साहेब भांड्यांकडे बघत होते. मग त्यांनी नवा कागद वाचायला घेतला, शेवटच्या ओळीशी थांबले आणि पेन काढलं. हे घरगुती कारण कागदावर नको, बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

टेबलाच्या टोकाला बसलेले बाबा तेव्हा पहिल्यांदा बोलले. “राहू द्या, साहेब. पुढच्या माणसाला कळू दे, काय लिहायचं राहून जातं ते.”

ओळ राहिली. बाबांना त्यांचा कबुलीचा कागद परत मिळाला आणि किल्ल्याही. लेकीला ठपक्याचं पत्र मिळालं, चारशे मीटर पुन्हा उकरायचे ठरले आणि तिच्या मिश्रणाचं काम वर्षभर पुढे गेलं. यातलं काही तिला फारसं लागलं नाही. तिचा जीव भांड्यात पडला तो बाहेर आल्यावर बाबांनी किल्ल्या तिच्याकडे बघून वाजवल्या तेव्हा. ते हसले होते, पूर्वीसारखे नाही, पण हसले होते. सुटलो एकदाचे, असं तिच्या मनात आलं.

घरी आल्यावर त्यांनी स्वतः चहा ठेवला. आईला उठवून बसवलं, तिला सगळं रंगवून सांगितलं, साहेबांचा चेहरा कसा पडला ते करून दाखवलं, आणि आई तोंडाच्या एका बाजूने हसत हो हो म्हणाली. लेक स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभी होती. खूप दिवसांनी घरात माणसांचा आवाज होता. चहा उकळला. बाबांनी तो तीन कपांत गाळला आणि गॅस बंद केला.

मग ते दोन पावलं आले, थांबले, मागे वळले आणि बटणाला हात लावून बघितला.

“बाबा,” लेक म्हणाली.

“हो, माहीत आहे,” ते म्हणाले. पण त्यांचा हात फळीकडे गेला होता. त्यांनी वही उघडली, घड्याळात बघितलं आणि वेळ लिहून ठेवली.